फिरती ढाल आणि बसलेल्या मुली



आमच्या वार्षिक अंकांत दरसाल हाउसांच्या कार्याचा वृत्तान्त येतो. नाट्यस्पर्धा कोणत्या हाउसनें जिंकिली, क्रीडामहोत्सवांत कोणाचे गुण अधिक भरले, फिरती ढाल कोणाकडे गेली, हें सर्व त्यांत क्रमानें सांगितलेलें असतें. यंदाचा वृत्तान्त अन्यत्र छापिला आहेच. त्याची पुनरुक्ति करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या वृत्तान्तांत ज्यांचीं नांवें आलीं नाहींत त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे, असें मनांत आलें, म्हणून लेखणी हातीं घेतली.

वर्षाच्या शेवटीं चारही हाउसांच्या नोंदवह्या आमच्याकडे तपासण्यास आल्या. पानें चाळतांना एक गोष्ट डोळ्यांत भरली. वक्तृत्व, निबंध, समूहगान, नाटक, रांगोळी, लंगडी, खो-खो, शंभर मीटर अशीं सदरें पुष्कळ. पण त्यांखालील नांवें मात्र तींच तीं. एका चुणचुणीत मुलीचें नांव सात ठिकाणीं आढळलें. तिच्याच बांकावर बसणाऱ्या दुसऱ्या मुलीचें नांव एकाही ठिकाणीं नव्हतें. तिला आम्हीं विचारिलें, "अग, वर्षभर तूं काय केलेंस?" ती हंसून म्हणाली, "बाई, मी टाळ्या वाजविल्या." उत्तर थट्टेचें होतें, परंतु त्या रात्रीं तें आम्हांस पुनःपुन्हां आठवलें.

हाउसची पद्धति इंग्लंडांतील निवासी शाळांतून आपल्याकडे आली. तेथें मुलें खरोखरच निरनिराळ्या घरांत राहत, एका पंक्तीस जेवीत आणि आपापल्या घराच्या नांवानें सामने खेळत. आपल्या शाळांत घर गेलें व नांव तेवढें राहिलें. तथापि नांवालाही कांहीं अर्थ असतो. घरांत चलाख मुलीसच ताट वाढावें आणि दुसरीनें तें पाहून टाळ्या वाजवाव्या, असें कोणती आई म्हणेल?

यंदाच्या नाट्यस्पर्धेंतील एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण तींत आमचाही दोष आहे. एका हाउसच्या मुलींनीं सावित्रीबाई फुले यांच्या जीवनावर एक लहानसें नाटक स्वतःच रचिलें. १८४८ सालीं पुण्यास भिडे वाड्यांत मुलींची शाळा निघाली, आणि तेथें शिकविण्यास जाणाऱ्या सावित्रीबाईंस लोकांची निंदा सोसावी लागली, हा त्याचा विषय. भूमिका कोणीं करावयाच्या हें मुलींनीं चिठ्ठ्या टाकून ठरविलें. सावित्रीबाईंची चिठ्ठी निघाली ती बोलतांना अडखळणाऱ्या एका मुलीची. तालीम पाहून आम्हीं हाउसच्या प्रमुखेस बाजूस बोलाविलें व म्हटलें, "ढाल हातची जाईल. भूमिका बदला." तिनें मान खालीं घातली, पण भूमिका बदलली नाहीं. प्रयोगाच्या दिवशीं ती मुलगी दोन ठिकाणीं अडली. जोतीरावांच्या वेषांतली मुलगी घाई न करितां तिच्याजवळ उभी राहिली, आणि थोड्या वेळानें वाक्य आलें. हाउसचा क्रमांक शेवटचा लागला. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या सर्वांस बोल लाविला.

तो बोल आज आम्ही या पानावर परत घेतों. शिक्षण हें मोजक्यांचें वतन आहे, हा समज मोडण्यासाठीं जी बाई झटली, तिचें नाटक बसवितांना आम्ही मोजक्या मुलीच शोधीत होतों! ती मुलगी अद्यापि अडखळते. परंतु वर्गांत वाचनाची पाळी आली म्हणजे बांकाखालीं पुस्तक शोधण्याचें सोंग आतां करीत नाहीं. नोंदवहींत यास एकही गुण नाहीं.

मराठी रंगभूमीकडे पाहिलें तरी हाच विचार मनांत येतो. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. परंतु पुढें कित्येक दशकें नाटक मंडळ्यांतून सीता काय किंवा शकुंतला काय, बहुधा पुरुषच होत असे. बालगंधर्वांसारख्या थोर नटानें स्त्रीभूमिकांस अपूर्व शोभा आणिली, हें खरें. तरी स्त्रीची स्वतःची जागा बहुशः प्रेक्षकांतच राहिली. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या, तेव्हां ती मोठीच घटना ठरली. आज आमच्या मुली कोळशाच्या मिशा काढून जोतीराव होतात, आणि आई-बाप कौतुकानें पाहतात. प्रेक्षकांतून रंगमंचावर येण्यास ज्यांच्या आजी-पणजींस इतका काळ लागला, त्या मुलींपैकीं पुष्कळ जणींस आपण पुन्हां प्रेक्षकांतच बसवावें काय?

मैदानाची कथा निराळी नाहीं. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच झाली. धांवून आलेल्या स्त्रिया थकलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ओरड झाली व ती शर्यत बंद पडली. ती पुन्हां सुरू होण्यास १९६० साल उजाडलें. पुरुष थकला तर पराक्रम, आणि स्त्री थकली तर अपाय, असा हा न्याय! पुढें २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें सातारा जिल्ह्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गांठिली. तींत त्यांचा क्रमांक दहावा आला, आणि देशानें त्यांचें मनापासून कौतुक केलें. आमच्या क्रीडामहोत्सवांत दहावी आलेल्या मुलीस काय मिळतें? तिचें नांवही कोणी टिपून ठेवीत नाहीं.

आमच्या मुलींचा आवडता खेळ खो-खो. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, आणि महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखालीं भारताच्या मुलींनीं नेपाळचा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. अशा खेळाची मूळ घडणच पाहा. आपल्या शाळांत तो खेळतांना आठ मुली एका ओळींत, एकीआड एक उलट दिशांस तोंडें करून बसतात. नववी पाठलाग करिते. तिला मध्येंच मागें वळतां येत नाहीं, कीं बसलेल्यांच्या मधून पलीकडे जातां येत नाहीं. गडी पलीकडे निसटला, कीं तिला बहुधा बसलेल्या मुलीस खो द्यावा लागतो. मीच सर्वांस बाद करीन, म्हणणारी मुलगी दमून जाते व पाळी फुकट जाते. बसलेली मुलगी रिकामी नसते. पाठीवर हात केव्हां पडतो याकडे तिचें सारें लक्ष असतें. मात्र तो हात पडला पाहिजे. वर्षामागून वर्षें ज्या मुलीस कोणी खोच दिला नाहीं, ती पुढें उठण्याची तयारीच सोडून देते. हीच खरी हानि. ढाल गेल्याची नव्हे.

यावर कोणी म्हणेल, कीं सर्वांस घेतलें तर खेळाचा व नाटकाचा दर्जा उतरेल, आणि गुणी मुलींवर अन्याय होईल. या आक्षेपांत तथ्य आहे. दुसऱ्या शाळांशीं सामना असेल तेव्हां उत्तम मुलीच निवडाव्या, व त्यांस अधिक सराव द्यावा. परंतु हाउसचा सामना हा घरचा सामना आहे. तेथें जिंकण्याइतकेंच तयार होणेंही महत्त्वाचें. म्हणून आमची सूचना अशी, कीं पुढील वर्षापासून एका मुलीनें तीनांहून अधिक स्पर्धांत उतरूं नये; शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलीमागें हाउसला एक गुण मिळावा; आणि पडदा ओढणारी, वेष शिवणारी व मैदान आंखणारी यांचींही नांवें वृत्तान्तांत छापावीं.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगी दहावींत गेली, कीं घरून चिठ्ठी येते: "अभ्यासाचें वर्ष आहे, मुलीस खेळांतून व नाटकांतून वगळावें." आपली काळजी आम्ही जाणतों. परंतु तीच मुलगी घरीं पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्या भावंडांस सांभाळते. त्या वेळीं अभ्यास बुडतो असें कोणी म्हणत नाहीं. तिचा भाऊ दहावींत असतांही सायंकाळीं बॅट घेऊन बाहेर पडतो. मग आठवड्यांतून दोन तास मोकळ्या हवेंत धांवल्यानेंच तिचा अभ्यास कसा बुडावा? वगळण्याची चिठ्ठी लिहिण्यापूर्वीं एकदां मुलीस विचारा, एवढेंच आमचें मागणें आहे.

ढाल फिरतीच आहे. यंदा एकीकडे, पुढील सालीं दुसरीकडे. बांकावरच्या त्या मुलीस आम्ही पुढील वर्षीं हाच प्रश्न पुन्हां विचारणार आहों. त्या वेळीं तिनें दुसरें उत्तर द्यावें, आणि तें देण्याची संधि तिला आम्हीं दिलेली असावी, हीच इच्छा.