टाकीतला ऊस

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ वर. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यात पावसानं असा धिंगाणा घातला, की सोयाबीन रानातच कुजलं. त्यामुळे आमच्या नांदूरघाटात यंदा ‘गाडी घेतली’ म्हणणारे थोडे आणि ‘घ्यायची होती’ म्हणणारेच फार. ज्यांनी हप्त्यावर का होईना घेतली, त्यांनी तिला हार घातला, पेढे वाटले आणि पंपावर जाऊन जुन्याच भावानं पेट्रोल टाकलं. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत. गाडीवरचा कर एकदाच कमी झाला. गाडी चालवण्याचा कर रोज भरायचा आहे.

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर पेट्रोल कशाला, असं विचारणारे वाचक आम्हाला ठाऊक आहेत. पण पारावर दोन माणसं बसली की पहिला विषय पावसाचा आणि दुसरा पेट्रोलचा, हेही त्यांना ठाऊक आहे. शहरात भाव वाढला की माणूस कुरकुरत लोकल नाहीतर मेट्रो पकडतो. आमचं तहसील केजला, जिल्हा बीडला आणि मोठा दवाखाना अंबाजोगाईला. बीड शहरात प्रवासी रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, आणि तो मार्गही केज तालुक्याला बाजूला टाकून परळीकडे निघाला आहे. म्हणजे सातबारा, दवाखाना, कॉलेज, लग्न आणि मयत या सगळ्यांना चाक लागतं, आणि चाकाला तेल.

एसटी आहे की, असं कोणी म्हणेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये डिझेलचं कारण देऊन एसटीनं भाडं १७ टक्क्यांहून जास्त वाढवलं. पाठोपाठ कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या हिवाळ्यात काळी-पिवळीवाल्यानं सांगितलेलं भाडं द्यायचं, नाहीतर पाहुण्याची मोटारसायकल मागायची, एवढेच दोन मार्ग होते. आणि मागितलेली गाडी टाकी रिकामी करून परत द्यायची नसते, ही रीत त्या दिवसांत कित्येकांनी मोडली.

या टाकीभोवती आठवणी खूप आहेत. राजदूत आणि लुनाच्या काळात गावात पंप नव्हता तिथं किराणा दुकानाच्या फळीवर बाटलीत लालसर पेट्रोल मिळायचं, भाव दुकानदार सांगेल तो. गाडी वाटेत बंद पडली की आधी कॉक रिझर्व्हला फिरवायचा. तरी चालू होईना, तर उतरून तिला रस्त्यातच आडवी करायची. टाकीच्या दुसऱ्या कुशीत साचलेलं घोटभर पेट्रोल कॉकच्या बाजूला येतं, मग किक मारायची आणि चढ संपेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. मागून पांढरा धूर यायला लागला की ‘रॉकेल मारलंय’ असं सगळे एका सुरात म्हणत. त्या रॉकेलमागचा धंदा किती भयानक होता, ते २५ जानेवारी २०११ ला कळलं. मनमाडजवळ पानेवाडीत अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी जाणारं इंधन त्याच परिसरातल्या डेपोंतून टँकरनं निघतं. राज्यात सगळ्यांत महाग पेट्रोल म्हणून पेपरात पुन्हा पुन्हा परभणीचं नाव यायचं, तेही डेपो इतका लांब म्हणूनच. ‘झिरो बघा’ म्हणणाऱ्या पंपावरच्या पोरावर विश्वास नसल्यानं शंभरच्या जागी ११० चं आणि दोनशेच्या जागी २१० चं टाकणारे लोक अजून आहेत. त्यानं मापात काही फरक पडतो का, देव जाणे. पण गिऱ्हाइकाला आपण जागे आहोत असं वाटतं.

तक्रार मात्र आम्ही नेमकी करत नाही. ‘महागाई वाढली’ म्हणतो आणि चहा पितो. तारखा लक्षात ठेवल्या तर निराळं चित्र दिसतं. पेट्रोलचा भाव सरकारनं जून २०१० मध्ये बाजारावर सोडला आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. बाजार वर जाईल तसा भाव वर जाईल आणि खाली येईल तसा खाली, असं तेव्हा सांगितलं गेलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या सौद्यांचा भाव शून्याच्याही खाली गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात केंद्रानं पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर चढवला, आणि उतरलेला भाव पंपापर्यंत पोचलाच नाही. २०२१ च्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पेट्रोलवरचे ५ आणि डिझेलवरचे १० रुपये उतरवले, तेव्हा दिवाळीची भेट म्हणून जयजयकार झाला. पुढे साडेचार महिने भाव जागचे हलले नाहीत. उत्तर प्रदेशची निवडणूक उरकली आणि २२ मार्च २०२२ पासून ते पुन्हा चढायला लागले. डिझेल स्वस्त झालं म्हणून नांगरटीचा एकरी दर मात्र एकाही ट्रॅक्टरवाल्यानं उतरवला नाही, हेही सांगायला हवं. सरकारकडून आपण शिकतो ते असं.

राज्य सरकारची गोष्ट तर आमच्या जास्तच जवळची. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये अधिभार बसवला. ज्या बीड जिल्ह्यासाठी तो गोळा व्हायचा, त्या बीड जिल्ह्यातला माणूसही तो भरत होता. गावाला पाणी आणणाऱ्या टँकरच्या डिझेलवरही तो होताच. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा व्हॅट उरलेल्या महाराष्ट्राइतका खाली आणला. तिकडे डिझेल दोन रुपयांनी उतरलं, इकडे काहीच झालं नाही. समानता आली म्हणायची.

नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी संसदेत बैलगाडीतून गेले होते. तेव्हा आमच्याकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून नुकतीच घरी आली होती, आणि बैलगाडीत बसणं त्यांना निषेध वाटण्याचं कारण नव्हतं. ती बैलगाडी आमच्याकडे अजून आहे. टायरची झाली आणि ऊसतोडीला निघाली, इतकंच.

हे सगळं लिहायचं खरं कारण तो ऊस आहे. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. काही मक्याचं, काही तांदळाचं, काही उसाचं. ‘ॲव्हरेज पडलंय’ ही तक्रार घरोघरी आहे आणि ती खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानंच जुन्या बनावटीच्या दुचाकींचं ॲव्हरेज ३ ते ४ टक्के घटेल असं म्हटलं होतं, आणि असं इंधन ग्राहकाला स्वस्त मिळावं असंही. घट झाली, स्वस्ताई राहून गेली. आमच्या मते हा साधा हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो खासदार-आमदारांना विचारलाच पाहिजे.

पण त्याच टाकीतला दुसरा हिशेब कुणी विचारत नाही. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं, आणि सरकारनं त्याचा भाव लिटरला ६५ रुपये ६१ पैसे ठरवला आहे. म्हणजे टनामागे साडेचार हजारांच्या वर. तो टनभर ऊस पहाटेच्या थंडीत तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून फळीवर चढत गाडीत भरायच्या, याचे ऊसतोड मजुरीच्या जानेवारी २०२४ च्या करारानंतर ३६६ रुपये. आधी २७३ होते. वाढ मिळाली तीही कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिल्यावर. या ३६६ रुपयांत साडेतीन लिटर पेट्रोल येतं.

२०२५ चं गाळप १ नोव्हेंबरला सुरू व्हायचं ठरलं. भाऊबीज झाली की ऊसतोडीच्या टोळ्या उचलीच्या पैशांवर ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांची वर्षाची दिवाळी इथेच संपते. वाचकहो, हा अंक वाचून झाला की गावातून निघणाऱ्या एखाद्या टोळीच्या ट्रॉलीत टाकून द्या. फडावर वाचणारी पोरं आहेत.