डोस कमी म्हणजे आशा कमी नव्हे

‘‘बाबांचा डोस कमी केलाय. म्हणजे आता डॉक्टरांनीच हात टेकले.’’ दोन वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या व्हरांड्यातून बहिणीला फोनवर हे सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. वडील तेव्हा ७४ वर्षांचे. औषध कमी म्हणजे उपचार कमी, हा आपला साधा हिशेब. तो चुकीचा आहे, हे कळायला मला वेळ लागला.

केमोचा डोस नुसत्या वयाकडे बघून ठरत नाही. पुष्कळ औषधांसाठी उंची आणि वजनावरून शरीराचे पृष्ठफळ काढतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या, ५२ किलोच्या माणसाचे ते साधारण दीड चौरस मीटर भरते. दर खेपेला आधी वजनकाट्यावर उभे करतात ते याचसाठी. कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाचा हिशेब मात्र मूत्रपिंडावर चालतो, कारण ते मुख्यतः त्याच वाटेने शरीराबाहेर पडते.

म्हातारपणाची मेख इथेच आहे. रक्तातले क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. उतारवयात स्नायू झडतात, त्यामुळे मूत्रपिंड मंदावले तरी रिपोर्टातला आकडा ‘नॉर्मल’ दिसतो. १९७६ साली मांडलेल्या सूत्राने पाहा : वजन ५२ किलो आणि क्रिएटिनिन १ असेल, तर चाळीस वर्षांच्या पुरुषाच्या मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला सुमारे ७२ मिलिलिटर येते, ७४ वर्षांच्या पुरुषाची ४८. रक्तात औषधाचा सारखाच परिणाम साधायला पहिल्याला ४८५ मिलिग्रॅम कार्बोप्लॅटिन लागले, तर दुसऱ्याला ३६५ पुरते. दोघांनाही तो पूर्ण डोसच!

ब्रिटनमध्ये जठर आणि अन्ननलिकेचा कॅन्सर पसरलेल्या वृद्ध, अशक्त रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ६० टक्के डोसनेही आजार तितकाच काळ आटोक्यात राहिला आणि त्रास कमी झाला. अर्थात हे सगळ्या कॅन्सरांना लागू नाही. जिथे आजार पुरता बरा होण्याची शक्यता असते, तिथे विनाकारण डोस कमी करणे महागात पडू शकते. म्हणून ‘कमी का?’ याच्या आधी ‘या उपचारातून काय साधायचे आहे?’ हे विचारावे.

पण डॉक्टरांना सगळेच रिपोर्टात दिसत नाही. माणूस घरात पडला का, अंघोळ स्वतः करतो का, जेवण किती, गोळ्या किती, विसर पडतो का, हे घरच्यांनीच सांगायचे असते. २०२१ मधल्याच एका अमेरिकी अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांची अशी माहिती डॉक्टरांच्या हाती दिली, तेव्हा गंभीर दुष्परिणाम झालेल्यांचे प्रमाण ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले.

आणि आपण काय करतो? ‘‘ठणठणीत आहेत हो बाबा!’’ मीही तेच म्हटले होते. महिन्यापूर्वी ते न्हाणीघरात पडले होते, हे सांगितले नाही. उपचार नाकारतील ही भीती. पहिल्या केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरल्या, ताप चढला, आठ दिवस रुग्णालयात गेले. आधी कळते, तर सुरुवातच बेताने केली असती, असे डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी आम्हाला गप्प करून थेट बाबांना विचारले. बाबा म्हणाले, ‘‘संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाता आलं पाहिजे. बाकी तुम्ही बघा.’’

डोस ठरवताना या वाक्याचाही विचार झाला. आम्ही मुलांनी तोवर त्यांना ते विचारलेच नव्हते.