उघड्या दाराची आई

भाविक कोणाला म्हणावे? घरातल्या थोरल्या बाईची पूजा किती तास चालते, यावर आपण ते ठरवतो. लक्ष्मीबाई टिळकांना हे माप पुरत नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली जन्मलेली ही मुलगी. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारचे मीठही धुऊन घ्यायचे! पुढे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि तिच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे तिने नातलगांकडे काढली. माणसामाणसांतले भेद देवाने केलेले नाहीत, हे मनाला पटले तेव्हाच सोवळे सुटले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

मग त्या घराच्या दाराला जणू कडीच उरली नाही. टाकून दिलेली 'नकोशी' तिथे लेक झाली. कोवळे बालकवी ठोमरे मुलासारखे राहिले. १९१९ साली टिळक गेले, तरी माणसांचा राबता राहिलाच. शाळा न पाहिलेल्या या बाईंनी उतारवयात 'स्मृतिचित्रे' लिहिली आणि स्वतःची फजितीही खुशाल सांगितली. १९३६ साली त्या गेल्या.

त्यांची भक्ती मोजायची तर पंगतीतली पाने मोजावीत. गृहिणींनो, यंदा फराळाची ताटे भराल तेव्हा एक अधिक भरा. ज्याला कोणीच बोलावत नाही, त्याच्यासाठी. देव्हाऱ्यातला देव खचित रागावणार नाही!