लीडर मातेच्या पाठीशी कोण?

अंदर मावळातल्या एखाद्या वाडीवर बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की जन्मापासून तिसऱ्या दिवशी आशाताई दारात हजर होते. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुढे बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून सव्वा वर्षाचं होईपर्यंत आणखी ५ भेटी. नव्या आईबापांना घरी येऊन धीर देणारी एवढी मोठी व्यवस्था आपल्याकडे दुसरी नाही आणि ती चालवणारी बाई सरकारी कागदावर ‘स्वयंसेविका’ आहे. तिचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. तिच्या मागे उभी असलेली गटप्रवर्तक मात्र कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही.

साधारण २० ते २५ आशांमागे एक गटप्रवर्तक असते. कार्ला किंवा खडकाळा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत तिचं काम पाहिलं, तर ‘समन्वय’ म्हणजे काय ते कळतं. ती आशाताईबरोबर बाळंतिणीच्या घरी जाते आणि बाजूला बसून पाहते. बाळाला झोळीत घालण्याआधी वजनकाटा शून्यावर आणला का? श्वास पूर्ण मिनिटभर मोजले का, की अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले? मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण. मोजणी चुकली तर बाळ दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो. चूक दिसली, तरी सासूसमोर ती आशाताईला टोकत नाही. बाहेर पडल्यावर, वाटेत सांगते. गावात आशाताईचा शब्द राहिला पाहिजे, याचं भान तिला असतं.

ही रचना आली गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने ती पद्धत देशभर नेली. गावातली थोडं शिकलेली बाई बाळ वाचवू शकते, एवढंच आपण त्यातून उचललं. त्या प्रयोगात दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन तिच्या नोंदी तपासत आणि तिला शिकवत, हा भाग मागे पडला. देखरेख आणि पाठबळ हा त्या प्रयोगाचा कणा होता.

मावळात तर या कामाचं मोल जास्तच. दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात, आणि एका आशाताईच्या वहीतलं बाळ दुसरीच्या हद्दीत जातं. लोणावळ्यात बंगल्यांची राखण करणारी, हॉटेलांत राबणारी कुटुंबं बाहेरून आलेली. त्यांच्या घरात बाळंतपण निभावायला आजी नसते. असं मूल नेमकं कुणाच्या यादीत आहे, हे सांगायला सगळ्या याद्या एकत्र पाहणारं माणूस लागतं, आणि ते म्हणजे गटप्रवर्तक. तरीही गटप्रवर्तकांना कंत्राटी कर्मचाऱ्याचा दर्जा मिळावा म्हणून २०२३ मध्ये आशांसह संपावर जावं लागलं. गावोगाव फिरण्याच्या भत्त्यावर ही जबाबदारी चालावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

आता हीच वाडी शाळेच्या बाजूने पाहू. ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यात २०२२ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. पहिलीत जाणाऱ्या मुलांचे मेळावे भरतात, आयांचे गट होतात आणि प्रत्येक गटाची एक ‘लीडर माता’ ठरते. आठवड्याचं आयडिया कार्ड तिच्याकडे येतं; ते बाकीच्या आयांपर्यंत नेणं आणि मुलांकडून करून घेणं तिच्या अंगावर. कल्पना उत्तम आहे. डाळ-तांदूळ निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना मूल मोजायला आणि वर्गवारी करायला शिकतं, हे आईला एकदा पटलं की ती हौसेने करते.

पण लीडर मातेला गटप्रवर्तक नाही. गटातली एखादी आई म्हणाली, की पोरगं अजून नीट बोलत नाही, किंवा घरात नवरा मारहाण करतो, तर लीडर मातेने जायचं कुणाकडे? शिक्षकांवर आणि अंगणवाडी सेविकांवर आधीच कामांचा डोंगर आहे. मेळाव्याचे फोटो निघतात, जूनमध्ये शाळा भरते आणि भाताच्या लावणीला गट विस्कटतो. त्याला आयांची अनास्था म्हणणं चुकीचं आहे.

इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात १९७३ साली मार्गारेट हॅरिसन यांनी लहान मुलांच्या कुटुंबांना घरी जाऊन आधार देणारं ‘होम-स्टार्ट’ सुरू केलं. तिथेही घरी जातात त्या स्वयंसेवकच. पण आधी पगारी समन्वयक त्या घरी जाऊन येते, कुठल्या कुटुंबाला कोण जमेल ते ठरवते आणि नंतर त्या स्वयंसेवकाचं म्हणणंही वेळोवेळी ऐकून घेते. ऐकलेली दुःखं स्वयंसेवकाने एकट्याने घरी न्यायची नसतात, हे तिथे सुरुवातीपासून ओळखलं गेलं.

मावळ पंचायत समितीला हे अवघड नाही. दर शाळा-केंद्रामागे, अनुभवी लीडर मातांतूनच, एक पगारी समन्वयक नेमावी. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के आणि नगरपरिषदेला ५ टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी राखावाच लागतो. या निधीतून वाटल्या जाणाऱ्या शिलाई यंत्रांच्या जोडीला हाही खर्च त्यात बसवता येईल. या समन्वयक बाईला प्रवासखर्च हवा, महिन्याला एक बैठक हवी आणि अडलेल्या प्रसंगी फोन उचलणारी आरोग्य केंद्रातली गटप्रवर्तक व बालविकास प्रकल्प कार्यालयातली पर्यवेक्षिका हवी. एप्रिलच्या मेळाव्याआधी ही नेमणूक झाली, तर लावणीच्या दिवसांत गट टिकवण्यासाठी वाडीवर जाणारं कुणीतरी असेल.