मेमू येईपर्यंतचा खेळ

कोपर स्टेशन दुमजली आहे. खालून कल्याणच्या लोकल धावतात आणि त्यांच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग जातो. खाली लोकल चुकली तर माणूस पुढच्या गाडीची वाट बघतो. वर, अप्पर कोपरला, मेमू चुकली की घड्याळ बघणंही सोडून देतो.

वसईच्या एका कारखान्यात नोकरीला असलेला एक कोपरकर कित्येक वर्षं या वरच्या फलाटावर ताटकळतो आहे. चाळिशी उलटलेली, खांद्यावर डब्याची पिशवी, हातात तडा गेलेला मोबाइल. गेमर म्हटलं की तो लाजतो. ‘टाइमपास हो,’ एवढंच म्हणतो. पण इतकी वर्षं टाइमपास केला की माणसाची मतं बनतात. याची तर पार घट्ट झाली आहेत.

त्याची कसोटी एकच. मेमूचा भोंगा ऐकू आला की खेळ जागच्या जागी थांबला पाहिजे.

ही शिस्त त्यानं लोकलमधल्या पत्तेवाल्यांकडून उचलली. चौघांचे गुडघे गुडघ्याला लावायचे, त्यावर बॅग आडवी टाकायची आणि मेंढीकोट मांडायचा. डाव कितीही रंगात आलेला असो, एखाद्याचं स्टेशन आलं की पानं गोळा. कुणी कुणाला ‘एवढा हात होऊ दे’ म्हणून दारापासून मागे ओढत नाही.

मोबाइलवरचा पहिला गाजलेला खेळही असाच गुणी होता. १९९७ साली नोकियाच्या ६११० या फोनवर तानेली अरमांतो या अभियंत्यानं साप सोडला. आपल्याकडे तो घरोघरी पोचला, तो टॉर्चवाल्या ११०० मधून. काळे ठिपके खाऊन वाढणारा साप फोन आला की निमूट थांबायचा. त्यात ना जाहिरात होती, ना ‘आज खेळला नाहीत’ अशी टोचणी. कोपरकराच्या यादीत सापाचा नंबर अजून पहिला आहे.

कँडी क्रशशी त्याचं भांडण आहे. २०१२ साली फेसबुकवर आलेला हा खेळ थांबतो खरा, पण स्वतःच्या सोयीनं. पाच ‘लाइफ’ मिळतात. एक गेली की ती भरून यायला अर्धा तास. दोन चॉकलेटी चौकोन उरलेले असताना पाचवी जाते, आणि खेळ नम्रपणे विचारतो: थांबता, मित्राकडे मागता की पैसे भरता? एके काळी चुलत्यामामांकडून फेसबुकवर जीवदानाच्या मागण्या यायच्या, त्या याच कारणानं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरला घेतली, त्यात हे गोळ्यांचं दुकानही आलं. अर्ध्या तासाची किंमत काय असते, ती अशी.

पबजीची गोष्ट वेगळी. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी एक जण किंवा एक संघ उरतो. शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास सहज जातो आणि मध्ये थांबायची सोय नाही. कोपरकरानं भाच्यांच्या आग्रहाखातर एकदा फलाटावर डाव मांडला. ऐन शेवटच्या वर्तुळात मेमू आली. कानात भाचा ओरडतोय, ‘मामा, रिव्हाइव्ह दे!’ आणि मामा एका हातानं दांडा धरून डब्यात चढतोय. डाव गेला, भाचा दोन दिवस बोलला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पबजीही गेलं. जुलै २०२१ मध्ये ते ‘बीजीएमआय’ नावानं आलं, वर्षभरानं पुन्हा अडवलं गेलं आणि मे २०२३ मध्ये परतलं. परतताना अट होती: अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. नोकरी, डबा आणि मेमू सांभाळून सहा तास खेळणारा माणूस कोपरकराला एकदा बघायचा आहे.

याउलट लुडो किंग. हा घरचाच खेळ. नवी मुंबईतल्या विकास जयस्वाल यांच्या गेमेशन कंपनीनं तो २०१६ मध्ये आणला. टाळेबंदीत दूरदर्शनवर रामायण आणि मोबाइलवर लुडो, असा घराघरांचा कार्यक्रम होता. एकच फोन चौघांत फिरवता येतो, नेट नसलं तरी चालतं. ‘फाश्यांत लबाडी आहे’ अशी तक्रार हरणारा प्रत्येक जण करतो. कोपरकराच्या मते तीही खेळाचाच भाग. कवड्या होत्या तेव्हाही हरणारा हेच म्हणायचा.

सबवे सर्फर्स मात्र तो कोपरमध्ये उघडत नाही. रुळांवरून धावायचं, डब्यांच्या टपावर उड्या मारायच्या, मागे पहारेकरी आणि त्याचं कुत्रं. डेन्मार्कमध्ये २०१२ साली बनलेल्या या खेळाची मुंबई आवृत्तीही येऊन गेली. इथल्या रुळांवर असा शॉर्टकट घेणाऱ्याला रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं, आणि खेळातल्यासारखी दुसरी संधी नसते. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पैशांच्या खेळांबद्दल त्याला फार बोलायला आवडत नाही. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, अचानक समोर आलेला गेम बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. खरंखोटं काहीही असो, रमी न बोलावता स्क्रीनवर येते याचा अनुभव कोपरकरालाही होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. मुंबईच्या ड्रीम११ नं पैशांचे खेळ थांबवले आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नावही गेलं. कारखान्यातले दोन-तीन जण सामन्याच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत संघ लावत बसायचे. ते आता जेवतात.

त्याला सगळ्यात चीड खोट्या जाहिरातींची. जाहिरातीत पिन ओढून कुणाला तरी वाचवायचं असतं. अ‍ॅप उतरवलं की निघतात एका रंगाचे तीन-तीन जुळवायचे खडे. होमस्केप्स आणि गार्डनस्केप्स या खेळांच्या अशाच दोन जाहिराती ब्रिटनच्या जाहिरात नियामकानं २०२० मध्ये थांबवल्या. अशा जाहिराती आपल्याकडे अजून बिनदिक्कत दिसतात.

आणि एक खेळ असा, जो फलाटावर चालत नाही, तरी त्याला आवडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला ‘राजी’. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघालेली बहीण, राजस्थानी हवेल्यांची आठवण करून देणारी चित्रं, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या खेळांच्या गटात त्याला नामांकन होतं. भाच्याच्या लॅपटॉपवर दोन रविवारांत तो संपला. हो, संपला. त्यानंतर रोज हजेरी लावा म्हणून सांगायला तो आला नाही.

सध्या कोपरकराच्या मोबाइलमध्ये दोनच गेम आहेत: एक लुडो, आणि एक सापाची नवी नक्कल, जी नेट बंद करून खेळतो म्हणून जाहिराती येत नाहीत. बाकीचे त्यानं गेल्या महिन्यात भिवंडी रोड आणि जुचंद्रच्या दरम्यान काढून टाकले.