शेवटची मेट्रो किती वाजता?

गेल्या हिवाळ्यात नोएडातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हॅकेथॉनचा परीक्षक म्हणून बसलो होतो. स्पर्धा छत्तीस तासांची. रात्रीचे साडेनऊ वाजले आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली. तिच्या टीमचा अख्खा डेटाबेस तिनंच बांधला होता, संध्याकाळच्या फेरीत माझ्या प्रश्नांना उत्तरंही तिनंच दिली होती. कुठं निघालीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘बहादूरगढला. कीर्ती नगरला गाडी बदलायची आहे सर, तिथली चुकली तर पप्पांना मोटारसायकल घेऊन यावं लागेल.’ ब्लू लाइननं अख्खी दिल्ली ओलांडायची, मग ग्रीन लाइननं हरियाणात शिरायचं. दोन तास कुठं गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सादरीकरणात तिच्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला आणि नेमका डेटाबेसच्याच प्रश्नावर अडखळला. टीम चौथी आली. नंतर नियमावली चाळली, तर त्यात एक ओळ होती: रात्री हजर नसलेल्या सदस्याला सहभागाचं प्रमाणपत्र मिळणार नाही. ही ओळ लिहिणारा माणूस दुष्ट नव्हता. त्यानं आदल्या वर्षीच्या नियमावलीतून ती उचलली होती, इतकंच.

आपला हंगाम आता सुरू होतोय. हे मासिक वाचणारे बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात विद्यार्थी उपक्रमांचे समन्वयक आहेत. काहींच्या गळ्यात एनएसएस आहे, काहींच्या इनोव्हेशन कौन्सिल, आणि काही दुर्दैवी जिवांच्या दोन्ही. येत्या आठ महिन्यांत दिल्ली आणि भोवतालच्या पट्ट्यात कार्यक्रमांची रीघ लागेल. आयआयटी दिल्लीचा सांस्कृतिक ‘रॉन्देव्हू’ शरदात आणि तांत्रिक ‘ट्रिस्ट’ वसंतात, ओखल्याच्या ट्रिपल-आयटीचा ‘एस्या’, द्वारकेला एनएसयूटीत ‘इनोव्हिजन’ आणि ‘मोक्ष’, बवाना रोडवर डीटीयूचा ‘एंजिफेस्ट’, आयपी विद्यापीठाचं ‘अनुगूंज’, शिवाय दिल्ली विद्यापीठातल्या प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतंत्र फेस्ट. आपल्याकडच्याही टीम झेलम नाही तर गोवा एक्स्प्रेसनं तिकडं जाणार. म्हणून या महिन्यात दिल्लीवर लिहितोय. हिंजवडीच्या मेट्रोमुळे पुण्यात जे प्रश्न पडणार आहेत, ते तिथं आधीच पडलेले आहेत.

एनसीआरमधला विद्यार्थी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं हॉस्टेलचा मुलगा येतो, कारण आयआयटी आपल्या डोक्यात बसलेली आहे. प्रत्यक्षात तिथल्या बहुसंख्य महाविद्यालयांचा डोलारा रोज ये-जा करणाऱ्यांवर उभा आहे. सोनिपत, फरिदाबाद, गाझियाबाद, बहादूरगढ, आणि आता नमो भारत गाड्यांमुळे थेट मोदीनगर-मेरठपासून मुलं येतात. ग्रेटर नोएडाच्या नॉलेज पार्कात महाविद्यालयांची गर्दी आहे. तिथं पोचवणारी अ‍ॅक्वा लाइन जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. पण ती दिल्ली मेट्रोला चिकटलेली नाही. सेक्टर ५२ ला उतरायचं, सेक्टर ५१ पर्यंत चालायचं, पुन्हा तपासणी, पुन्हा तिकीट. दिवसा या चालण्याचं काही वाटत नाही. रात्री साडेनवाला, पाठीवर लॅपटॉप घेऊन, एकटीनं चालायचं असेल तर वाटतं. दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ ला बायकांना डीटीसीच्या बसमध्ये मोफत प्रवास सुरू झाला, आणि तो निर्णय या मुलींच्या फार उपयोगी पडला. मेट्रोत मात्र विद्यार्थ्यांना सवलतीचा पास नाही. तेव्हा ‘प्रवेश विनामूल्य’ असं पोस्टरवर छापताना जाण्यायेण्याचे दीड-दोनशे रुपये मुलांच्या खिशातून जातात, हे आपण विसरतो.

केंद्र सरकारचा स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ साली सुरू झाला. सहा जणांची टीम, त्यात किमान एक मुलगी हवीच, हा नियम मला मनापासून आवडतो. सॉफ्टवेअरची महाअंतिम फेरी छत्तीस तासांची असते, पण तिथं नोडल केंद्राकडे राहण्या-जेवणाची व्यवस्था असते. घोटाळा होतो तो खाली. महाविद्यालयाच्या अंतर्गत फेरीला रात्र जागवायची काहीच गरज नाही. कित्येक ठिकाणी ती एका दिवसात उरकतात आणि निवडही चांगली होते. तरी आपण महाअंतिम फेरीची नक्कल करतो, कारण पहाटे तीनला मॅगी खाणाऱ्या मुलांचे फोटो अहवालात झकास दिसतात. ‘हॅकेथॉन’ हा शब्द जून १९९९ मध्ये कॅल्गरीत जमलेल्या ओपनबीएसडीच्या दहा-एक प्रोग्रामरांनी रूढ केला. ते कॅनडात जमले, कारण अमेरिकेच्या निर्यात कायद्यानं सांकेतिकीकरणाचं सॉफ्टवेअर बाहेर नेणं अवघड केलं होतं. म्हणजे पहिल्या हॅकेथॉनची जागासुद्धा येणाऱ्यांची अडचण पाहून ठरली. आपण त्यातलं जागरण तेवढं उचललं.

हॉस्टेलच्या मुलींचं तरी कुठं सोपं आहे? जामिया मिल्लिया इस्लामियात २०१५ साली मुलींच्या रात्री उशिरा बाहेर राहण्यावर बंदीची नोटीस लागली, त्यातून ‘पिंजरा तोड’ हे आंदोलन उभं राहिलं आणि दिल्लीभर पसरलं. वेळेच्या नियमांवर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. पण कार्यक्रमाचं वेळापत्रक आखणाऱ्या समितीच्या बैठकीत वसतिगृहाच्या अधीक्षिकेला बोलावलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

आता हवा. दिल्लीत नोव्हेंबरात मोकळ्या मैदानावर स्टेज बांधणं म्हणजे जुगार. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की ग्रॅपचा, म्हणजे प्रदूषणामुळे टप्प्याटप्प्यानं लागणाऱ्या निर्बंधांचा, तिसरा टप्पा, ४५० च्या वर गेला की चौथा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू या दोघांनाही वर्ग ऑनलाइन न्यावे लागले होते. त्यातली एक गोष्ट समन्वयकांच्या ध्यानात उशिरा येते: ग्रॅप लागला की डिझेल जनरेटरवर बंधनं येतात, आणि आपले मंडपवाले, साउंडवाले, लाइटवाले सगळे जनरेटरवर जगतात. कंत्राट देतानाच वीज कुठून घेणार हे लिहून घ्यावं. महाविद्यालयाच्या जोडणीवर किती भार पेलतो हे इलेक्ट्रिकलच्या प्राध्यापकांना विचारावं, त्यांनाही जरा बरं वाटेल. डिसेंबर-जानेवारीत धुकं, आणि धुक्यात गाड्या रखडतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी स्मार्ट इंडियाची महाअंतिम फेरी डिसेंबरात झाली. महाराष्ट्रातून टीम पाठवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की सकाळी निजामुद्दीनला पोचून दुपारी उद्घाटनाला बसायचा हिशेब करू नका. एक मुक्काम आधीचा धरा आणि त्याचे पैसे प्राचार्यांकडून आत्ताच मंजूर करून घ्या.

सुरक्षेबद्दल लिहिताना हात जड होतो. ६ फेब्रुवारी २०२० ला गार्गी महाविद्यालयाच्या महोत्सवात बाहेरच्या पुरुषांचा जमाव घुसला आणि मुलींचा विनयभंग झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मिरांडा हाऊसच्या दिवाळी मेळ्यात भिंतीवरून उड्या पडल्या. मार्च २०२३ मध्ये इंद्रप्रस्थ महाविद्यालयात पुन्हा तेच. यावर उपाय म्हणून भिंत, तारा, कॅमेरे, पोलिसांची परवानगी, आगाऊ नोंदणी या गोष्टी आल्या आणि त्या हव्यातच. पण आपण भिंतीच्या आतलाच विचार करतो. कार्यक्रम संपतो तेव्हा फाटकापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता कुणाचा? त्या वाटेवर दर शंभर पावलांवर ओळखपत्र लावलेले दोन स्वयंसेवक उभे करायला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे गणपतीच्या मंडळाची पोरं दोरी धरून अख्खी मिरवणूक नेतात, एनएसएसची तुकडी एवढं नक्की करू शकेल. आणि शेवटचा गायक साडेनवाच्या आत उतरवा. त्याच्या मॅनेजरला वाईट वाटलं तर वाटू दे.

एनएसएसचा विषय निघालाच आहे, तर जे लिहायचं म्हणून हे पान उघडलं त्याकडे येतो.

आपल्याकडे तंत्र आणि समाज यांची कपाटं वेगळी आहेत. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालं. वर्षाला १२० तासांचं काम, सात दिवसांचं शिबिर, हे तुम्हाला पाठ आहे. ११ नोव्हेंबर २०१४ ला उन्नत भारत अभियान आलं. त्याची राष्ट्रीय समन्वयक संस्था आयआयटी दिल्ली. सहभागी संस्थेनं किमान पाच गावं दत्तक घ्यायची आणि घरोघर पाहणी करायची. मग एआयसीटीईनं बीटेकच्या विद्यार्थ्याला शंभर अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंट मिळवायला सांगितलं. म्हणजे ज्या महाविद्यालयात अंतर्गत हॅकेथॉन होतो, बहुधा त्याच इमारतीत, एखाद्या जिन्याखालच्या खोलीत, पाच गावांच्या पाहणीचे अर्ज गठ्ठा बांधून ठेवलेले असतात. त्यात लिहिलेलं असतं कुठला हातपंप कधीपासून बंद आहे, कुठल्या पाड्यावर किंवा कुठल्या बस्तीत टँकर येतो, शाळेतला संगणक कुणाच्या घरी आहे. आणि दोन जिने वर हॅकेथॉनचा समन्वयक पोर्टलवरून मंत्रालयांचे प्रश्न उतरवून घेत असतो.

हे दोघं एकमेकांच्या शेजारी बसून जेवतात. एकमेकांचे कागद मात्र पाहत नाहीत, कारण एकाचा अहवाल एका पोर्टलवर चढतो, दुसऱ्याचा दुसऱ्या. इनोव्हेशन कौन्सिलला तारे मिळवायचे असतात, एनएसएसला तास भरायचे असतात. झाडं लावणं आणि रक्तदान हॅकेथॉनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ‘सामाजिक सत्र’ म्हणून चिकटवलं की दोन्हीकडे बॅनरसकट फोटो जातो. रात्रभर जागलेल्या मुलांचं रक्त घेऊ नये, हे सांगायला डॉक्टर लागू नये. तरी हे मी स्वतः पाहिलं आहे.

माझी सूचना वेळेबद्दल आहे. सावकाश होणारं काम आधी, झटपट होणारं नंतर. ऑगस्ट-सप्टेंबरात शनिवारच्या चार खेपा गावात किंवा वस्तीत, आणि त्या दिवसा. ते तास एनएसएसच्या वहीत आणि अ‍ॅक्टिव्हिटी पॉइंटमध्येही लिहा. त्या खेपांतून प्रश्न निघू द्या, आणि प्रश्न सांगायला गावातलाच माणूस ऑक्टोबरात महाविद्यालयात येऊ द्या. त्याचं भाडं आणि बुडालेला रोज द्या. मग दहा ते सहा असे दोन दिवस, रात्रीचं घरी जाऊन, असा हॅकेथॉन. परीक्षकांत त्या गावची अंगणवाडीची ताई किंवा पंपचालक एक हवाच. फेब्रुवारीत परत त्याच गावात खेप, काय टिकलं आणि काय गंजलं हे बघायला. बहादूरगढच्या त्या मुलीला या वेळापत्रकात कुठंही वायर गुंडाळावी लागत नाही. उलट चार शनिवार गेलेली तीच असेल तर सादरीकरण तीच करणार, तिच्याइतकं ठाऊक दुसऱ्या कुणाला असणार आहे?

‘मुलांना थ्रिल लागतं, तुमचं हे भजनी मंडळ होईल,’ असं एका तरुण समन्वयकानं मला तोंडावर सांगितलं. त्याला मी पुरुषोत्तम करंडकाकडे बघ म्हटलं. महाराष्ट्रीय कलोपासकची ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासूनची. पावसाळा आला की पुण्यातली महाविद्यालयं आपोआप तिच्या नादाला लागतात, तारीख आणि नियम सहसा मागं-पुढं होत नाहीत, तालमी महिनाभर आधी सुरू होतात आणि थ्रिल कमी पडल्याची तक्रार भरत नाट्य मंदिरात कुणी ऐकली नसेल. २०२२ साली तर परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण हॅकेथॉनच्या परीक्षकाला ‘या वर्षी पहिलं बक्षीस नाही’ असं म्हणायची मुभा आपण कधी दिली आहे? चेक आधीच छापलेला असतो, तोही चार फुटी.

उलट्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. गावचा प्रश्न घेतला म्हणून काम चांगलं होतं असं नाही. पाहणीला गेलेली मुलं तास मोजत बसतात, गावकरी पाचव्या वेळी तेच प्रश्न ऐकून वैतागतात, आणि काही प्रश्नांना अ‍ॅप हे उत्तरच नसतं, तिथं वायरमन हवा असतो. मंत्रालयांकडून येणारे प्रश्नही सगळे पोकळ नसतात. रेल्वे, शेती, पोलीस यांच्याकडचे काही फार नेमके असतात. एखाद्या हुशार टीमला तेच करू द्यावेत. माझा हट्ट फक्त महाविद्यालयाच्या स्वतःच्या फेरीपुरता आहे, कारण तिचं वेळापत्रक ठरवायला आपल्याला कुणाचीही परवानगी लागत नाही.

पुढच्या अंकासाठी तुमच्या महाविद्यालयाचं यंदाचं उपक्रमांचं वेळापत्रक पाठवा. प्रत्येक कार्यक्रमासमोर तीन रकाने जोडा: संपण्याची वेळ, जवळच्या स्टेशनवरून किंवा थांब्यावरून सुटणारी शेवटची गाडी, आणि सर्वांत लांब राहणाऱ्या सहभागीचं गाव. तिसरा रकाना भरायला हजेरीपट चाळावा लागेल, कार्यालयातले भाऊसाहेब कुरकुरतील. त्या नोएडाच्या महाविद्यालयाला मी हेच तीन रकाने लिहून पाठवले होते. या वर्षीची नियमावली त्यांनी परवा पाठवली. स्पर्धा पुन्हा छत्तीस तासांचीच आहे, प्रमाणपत्राची ती ओळ मात्र काढलेली आहे, आणि तळाला पेन्सिलीनं विचारलंय: ‘मुलींसाठी बस ठेवली तर बहादूरगढपर्यंत किती खर्च येईल?’