बांध ज्यांचा, बोलणें त्यांचें

शेतकरी बंधूंनो, परक्या राष्ट्रांनीं ‘लढाई थांबवा’ म्हटलें कीं घरीं बसलेले कांहीं शहाणे चिडतात. रणांत त्यांचीं मुलें किती व तुमचीं किती, हें त्यांस विचारा.

धुळें तालुक्यांतील बोरविहीरचा एक जवान ता. २९ सप्टेंबर २०१६ रोजीं चुकून ताबारेषेपलीकडे गेला. ती खबर दोन्ही लष्करांमधील थेट टेलिफोनवरून पाकिस्तानास कळविली गेली, ता. २१ जानेवारी २०१७ रोजीं वाघा येथें तो परत मिळाला. बोलण्याची वाट उघडी असण्याचें मोल खानदेशास हें असें ठाऊक आहे.

मात्र मध्यस्थाची पारख करा. १९६५ सालीं पाकिस्तानच्या हातीं अमेरिकेचे पॅटन रणगाडे, आणि सुरक्षा समितींत ‘लढाई थांबवा’ म्हणणाऱ्यांत अमेरिकाही! ता. १० मे २०२५ ची शस्त्रबंदी आपण घडविली, असें अध्यक्ष ट्रंप म्हणाले. आपलें सरकार म्हणतें, ती दोन सेनाधिकाऱ्यांच्या बोलण्यानें झाली.

बांधाच्या तंट्यांत पंच हवा, पण कुऱ्हाडी विकणारा पंच नको. शेजारी बदलतां येत नाहीं. शस्त्रबंदी मागण्यांत लाज कसली? बोलण्याची तारच तोडा म्हणणारा मात्र मत देतांना आठवा.